मुंगीखाऊची दुपार



माझ्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, ब्राझीलमधल्या मुंगीखाऊची चिंता इथे बसून करण्याचे तुम्हांला काय कारण?" प्रश्न रास्त होता. मी ब्राझील पाहिलेला नाही आणि तो प्राणी त्याच्या रानात पाहण्याचा योगही मला आलेला नाही. आज मी जे सांगणार आहे ते तिथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षे उन्हातान्हात हिंडून मिळवलेले ज्ञान आहे. ते मी वाचले, त्यावर विचार केला आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जाईना, म्हणून आपल्यापुढे उभा राहिलो.

तरी स्नेह्यांना मी एक उत्तर दिले, ते आपणही ऐका. ज्या कुरणांत आज हा मुंगीखाऊ हिंडतो त्या कुरणांत चरणारी पांढरी, वशिंडाची गुरे कोणत्या जातीची आहेत? त्यांना तिकडे 'नेलोरी' म्हणतात. हे नाव आपल्या आंध्रातल्या नेल्लोरचे. एकोणिसाव्या शतकात आणि पुढे विसाव्यातही जहाजांतून गेलेल्या आपल्या ओंगोल वाणाची ती संतती. गीर गेली, आपल्या कांकरेजची तिकडे 'गुझेरा' झाली. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ब्राझीलच्या गुरांत सर्वांत मोठा वाटा या नेलोरीचा आहे आणि त्या देशात आज माणसांपेक्षा गुरे अधिक आहेत. तेव्हा मुंगीखाऊच्या रानाचे जे काही झाले त्यात आपल्या बैलाचेही खूर उमटलेले आहेत. स्नेही हसले आणि व्याख्यानाला यायचे त्यांनी कबूल केले. ते आले असतील अशी आशा आहे.

आता प्राण्याची ओळख करून देतो. मुंगीखाऊ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना कोकणातले खवले मांजर आठवेल. दोघांना दात नाहीत, दोघांची जीभ लांब आणि चिकट, दोघांची नखे वारूळ फोडणारी. पण या दोघांचे नाते केवळ धंद्याचे आहे, रक्ताचे नाही. सुतार कोकणातला असो की युरोपातला, त्याच्या हातात करवत असायचीच. तसला हा प्रकार. मुंगीखाऊचे खरे भाऊबंद म्हणजे दक्षिण अमेरिकेतले स्लॉथ, ते झाडाला उलटे लटकून आयुष्य काढणारे संथ प्राणी. मुंगीखाऊच्या जातींत सर्वांत मोठा तो हा महाकाय मुंगीखाऊ. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर, वजन तीस-चाळीस किलो, तोंड म्हणजे एक लांब नळी आणि मागे झुबकेदार, झेंड्यासारखी शेपटी. पोर्तुगीज भाषेत त्याला 'तामांदुआ-बांदेइरा' म्हणतात. बांदेइरा म्हणजे झेंडाच. पुढची नखे बोथट होऊ नयेत म्हणून तो ती आत दुमडतो आणि मुठीवर चालतो. दृष्टी अधू, घ्राणेंद्रिय मात्र विलक्षण तीक्ष्ण. वर्षाकाठी एकच पिलू. सहा महिने पोटात वाढवायचे आणि पुढे कित्येक महिने पाठीवर वाहायचे. आईच्या अंगावरच्या काळ्या पट्ट्याशी पिलाचा पट्टा असा जुळतो की पाठीवर कोणी बसले आहे हे चटकन ओळखू येत नाही.

हे झाले बाह्य रूप. माझा विषय समजण्यासाठी त्याचा संसार कसा चालतो हे पाहिले पाहिजे, आणि तो अत्यंत काटकसरीचा आहे. मुंगी आणि वाळवी हे काही पौष्टिक अन्न नव्हे. तीस-चाळीस किलोच्या देहाला त्यावर जगायचे तर खर्च कमी करणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून याच्या देहाची भट्टी मंद आहे. आपले तापमान सदतीस अंश, तर याचे तेहतीसच्या आसपास. सस्तन प्राण्यांत इतके कमी तापमान फार थोड्यांचे असते. त्याच्या आकाराच्या इतर प्राण्यांना नुसते जिवंत राहायला जेवढी शक्ती लागते, तिच्या निम्म्याहून कमी शक्तीत हा भागवतो. जेवणाची रीतही पाहण्यासारखी आहे. वारुळाला एक भोक पाडायचे, जीभ मिनिटाला शंभर-दीडशे वेळा आत-बाहेर करायची, आणि आतले शिपाई चावायला धावले की मिनिटाभरात पुढच्या वारुळाकडे निघायचे. वारूळ तो सहसा उद्ध्वस्त करीत नाही. मूळ गुंतवणूक शाबूत ठेवून व्याजावर जगणारा हा गृहस्थ आहे असे म्हटले तरी चालेल.

परंतु काटकसरीच्या संसाराला एक धोका असतो. अकस्मात खर्च त्याला झेपत नाही. मंद भट्टीच्या या देहाला ना फार थंडी सोसते, ना फार ऊन. थंडी पडली की हा दिवसा हिंडतो आणि रात्री शेपटीचे पांघरूण करून झोपतो. उन्हाळा वाढला की उलट; दुपारभर झोप आणि रात्री भ्रमंती. ही झोप कुठे घ्यायची, हाच त्याच्या जगण्यातला मोठा प्रश्न आहे. उघड्या माळावर दुपारी जमीन तापते, तिथे निजून भागत नाही. झाडी हवी. दाट झाडीच्या आत उन्हाळ्याची दुपार बाहेरच्यापेक्षा थंड असते आणि थंडीची रात्र बाहेरच्यापेक्षा उबदार. पांतानाल नावाच्या विशाल पाणथळ प्रदेशात आणि इतरत्र संशोधकांनी हेच नोंदवले आहे, की हवा फार तापली किंवा फार गारठली की हा प्राणी झाडीचा आश्रय घेतो. म्हणजे त्याला जेवायला माळ लागतो आणि निजायला राई. दोन्ही लागतात, आणि चालून जाता येईल इतक्या अंतरावर लागतात. माझ्या आजच्या बोलण्यातला एवढा एक मुद्दा ध्यानात ठेवावा.

आता ती भूमी पाहू. हा प्राणी मध्य अमेरिकेपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आढळतो, काही देशांतून नाहीसाही झाला आहे. पण त्याचे मोठे माहेरघर म्हणजे ब्राझीलमधला 'सेर्रादो'. सेर्रादो म्हणजे गवताळ माळ, त्यात विखुरलेली वाकडीतिकडी, जाड सालीची झाडे, आणि ओढ्या-नद्यांच्या काठाने हिरव्या रानाच्या रेघा. क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर. आपली सहा महाराष्ट्र राज्ये त्यात बसून जागा उरेल. झाडे वर ठेंगणी आणि मुळे खाली फार खोल, म्हणून त्याला उलटे जंगल म्हणतात. शतकानुशतके ही जमीन निकस मानली गेली. माती आम्ल, पिके येत नाहीत, म्हणून माणसाने तिला फारसे छेडले नाही. १९६० साली या माळाच्या मधोमध ब्राझीलिया ही नवी राजधानी उभी राहिली आणि तिच्याकडे जाणारे रस्ते आले. १९७३ साली 'एंब्रापा' ही सरकारी कृषिसंशोधन संस्था निघाली. तिच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मातीत चुना आणि स्फुरद मिसळले की याच जमिनीत सोयाबीन डोलू लागते. आफ्रिकेतून आणलेले ब्राकियारिया गवत माळावर पसरले, त्यावर आपली नेलोरी गुरे चरू लागली. ऑस्ट्रेलियाची निलगिरी आली, ऊस आला. पन्नास-साठ वर्षांत मूळ सेर्रादोपैकी जवळजवळ निम्मा नाहीसा झाला.

हे सर्व पाप होते असे म्हणायला मी उभा नाही. या कामाबद्दल २००६ साली जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला, आणि तो योग्यच होता. दुष्काळ आणि उपासमार यांच्या आठवणी ज्या देशाच्या हाडांत आहेत त्या देशातल्या माणसाने दुसऱ्याच्या पिकत्या शेताला नावे ठेवू नयेत. प्रश्न असा आहे की शेत पिकल्यावर मुंगीखाऊ कुठे गेला?

आणि इथे आश्चर्य आहे. तो कुठेही गेला नाही. तो तिथेच आहे! गुरांच्या कुरणात दिसतो, निलगिरीच्या ओळींतून चालताना दिसतो, उसाच्या कडेने दिसतो. कुरण जुने झाले, गवत विरळ झाले की तिथे वाळवीची टणक वारुळे उगवतात, कधी इतकी की दुरून एखादी दफनभूमी वाटावी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कुरणाची दुर्दशा, मुंगीखाऊच्या दृष्टीने ते वाढलेले ताट. ब्राझीलच्या उत्तर टोकाला, रोराइमा प्रांतातल्या सव्हानात लाकडासाठी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली, तर हा प्राणी आसपासच्या मोकळ्या माळापेक्षा त्या लागवडीतच अधिक आढळला, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सांगितले. मग काय, काही लोकांना आनंद झाला. प्राणी जुळवून घेतो आहे, चिंतेचे कारण नाही!

माझे म्हणणे असे की हा आनंद घाईचा आहे. एखादा माणूस रोज खानावळीत जेवताना दिसतो, एवढ्यावरून त्याला घर आहे असे अनुमान काढता येत नाही. मुंगीखाऊ कुरणात दिसला याचा अर्थ त्याला कुरणात जेवण मिळाले, इतकाच. दुपारी दोन वाजता तो कुठे असतो, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

हे विचारण्याची सोय अलीकडे झाली. उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःची जागा नोंदवणारे यंत्र पट्ट्याने प्राण्याच्या अंगावर बांधायचे आणि महिनोन्‌महिने त्याच्या वाटा नकाशावर उमटवायच्या. पश्चिम-मध्य ब्राझीलमधल्या मातो ग्रोसो दो सूल प्रांतात आर्नो देब्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मोठ्या चिकाटीने केले. या प्राण्याला गळपट्टा चालत नाही, कारण मान आणि डोके यांच्या जाडीत फरकच नाही, पट्टा सरळ निसटून जातो! म्हणून बैलाच्या जुंपणीसारखी अंगाभोवतीची बांधणी करावी लागली. अशा नोंदींतून २०२१ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मुंगीखाऊच्या परिसरात झाडी कमी, त्याला हिंडण्यासाठी अधिक मोठा मुलूख लागतो. नर असो की मादी.

या साध्या वाक्याचा अर्थ काय होतो, ते पाहा. झाडी कमी झाली म्हणजे दोन रायांमधले अंतर वाढले. अंतर वाढले म्हणजे चालणे वाढले. आणि ज्या देहाचा सारा हिशेब काटकसरीवर उभा आहे, त्याच्यावर हे चालण्याचे कर्ज चढले. वर मोठा मुलूख म्हटला की त्यात कुंपणे अधिक, शेतकऱ्यांची कुत्री अधिक, आणि मुख्य म्हणजे रस्ते अधिक. शेवटच्या दोन वाक्यांतले काही अनुमान माझे आहे, संशोधकांच्या माथी मी ते मारीत नाही. तरी ते फारसे चुकत असेल असे वाटत नाही.

निलगिरीच्या सावलीचे काय, असा प्रश्न कोणी करील. सावली ती सावलीच, मूळ रानाची काय आणि लावणीची काय! काही प्रमाणात हे खरे आहे आणि रोराइमातला अनुभव तेच सांगतो. पण लागवड काही वर्षांनी तोडली जाते. शंभर एकरांची सावली आठवड्यात नाहीशी होते. शिवाय पाने कातरणारी मुंगी ही लागवडवाल्यांची वैरीण, तिला विष घातले जाते. म्हणजे मुंगीखाऊच्या ताटात ते पडणे आलेच. साओ पाउलो प्रांताच्या ईशान्य भागात, जिथे ऊस आणि निलगिरी यांच्यामध्ये मूळ रानाचे तुकडे उरले आहेत, तिथे स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत असे आढळले की या प्राण्याच्या वावरावर दोन गोष्टींचा प्रभाव आहे: एक म्हणजे संरक्षित राने, आणि दुसरी म्हणजे कच्चे रस्ते. संरक्षित रानाचे कारण उघड आहे. कच्च्या रस्त्याचे ऐकून मला मौज वाटली, पण विचार केला तर त्यातही काटकसरच दिसते. मुठीवर चालणाऱ्या जनावराला उसाच्या सरीतून घुसण्यापेक्षा मोकळी पायवाट सोयीची. आपणही शेताच्या बांधावरूनच चालतो.

कच्चा रस्ता इतका उपकारक, तर पक्का रस्ता तितकाच घातक. मातो ग्रोसो दो सूलमधून जाणारी २६२ क्रमांकाची राष्ट्रीय सडक काम्पो ग्रांदे शहरापासून पांतानाल ओलांडून कोरुंबाकडे जाते. ही आणि तिच्यासारखे इतर हमरस्ते, मिळून तेराशे किलोमीटरांच्या आसपास, २०१७ पासून तीन वर्षे संशोधकांनी पुनःपुन्हा गाडीने पालथे घातले आणि वाहनांखाली मेलेले प्राणी मोजले. बारा हजारांहून अधिक मृत सस्तन प्राणी त्यांच्या वहीत आले, त्यांत महाकाय मुंगीखाऊंची संख्या शेकड्यांत होती. पाठीवर पिलू असलेली मादी गेली की एका धडकेत दोन जीव जातात. २०२० साली याच मंडळींनी गणिताने दाखवले की रस्त्यावरचे मृत्यू या प्राण्याच्या संख्यावाढीचा वेग निम्म्यावर आणतात. वर्षाला एकच पिलू देणाऱ्या जातीच्या बाबतीत निम्मा वेग म्हणजे जवळजवळ थांबणेच.

मग रस्त्यांखालून त्याला वाट का देऊ नये? वाटा आहेत. पाण्यासाठी बांधलेल्या मोऱ्या आहेत, गुरे नेण्यासाठी केलेले बोगदे आहेत. अडतीस मुंगीखाऊंच्या अंगावर यंत्रे बांधून केलेल्या अभ्यासात दिसले की सडक जवळ आली की तो पाऊल मंद करतो आणि यदृच्छेने हिंडणारा प्राणी जितक्या वेळा ती ओलांडील त्यापेक्षा कमी वेळा ओलांडतो. म्हणजे तो अगदीच बेसावध नाही. परंतु सडक जवळ आहे म्हणून तो आपला मुलूख बदलीत नाही, आणि त्या मोऱ्यांतून तर जवळजवळ जातच नाही. त्याला सडक कळते, मोटार कळत नाही! लाखो वर्षे ज्याने जग्वारला दोन पायांवर उभे राहून, नखे पसरून तोंड दिले, त्याच्या अनुभवात तासाला शंभर किलोमीटर वेगाने येणारा शत्रू नाही.

यात माणसाच्या अज्ञानाची भर पडते. तिथल्या ग्रामीण भागात पुष्कळांची अशी समजूत आहे की वाटेत मुंगीखाऊ आडवा गेला की अपशकुन होतो, आणि तो टाळण्यासाठी मुद्दाम गाडी घालणारेही आहेत. आपण हसू नये. मांजर आडवे गेले म्हणून परत फिरणारे डॉक्टर आणि वकील मी पाहिले आहेत. फरक इतकाच की आपण परत फिरतो, मांजर वाचते.

वणव्याबद्दल थोडेच सांगतो. सेर्रादोला आग नवी नाही, तिथली झाडे जाड सालीची झाली ती आगीमुळेच. पण राखीव रानाला चारी बाजूंनी शेतांनी वेढले आणि आत गवत साचले, की आग पेटते ती सारे रान घेऊन जाते. १९९४ साली एमास राष्ट्रीय उद्यानात असे घडले. त्या आगीत पुष्कळ मुंगीखाऊ जळाले. लांब, कोरडे केस आणि मंद चाल, मग दुसरे काय होणार? २०२० साली पांतानालचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग जळाला आणि संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे १ कोटी ७० लाख पृष्ठवंशी प्राणी त्यात मेले. या आकड्यापुढे मला बोलवत नाही.

ब्राझीलच्या २०१२ च्या वनकायद्याप्रमाणे सेर्रादोतल्या बहुतेक जमीनमालकांना आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा मूळ झाडोऱ्याखाली ठेवावा लागतो, शिवाय ओढ्याकाठची झाडी राखावी लागते. कायदा चांगला आहे. परंतु पाचवा हिस्सा म्हणजे कोणता हिस्सा? माझ्या मते सारे भवितव्य या प्रश्नात आहे. एका मालकाने एका कोपऱ्यात, शेजाऱ्याने दुसऱ्या कोपऱ्यात राखले तर कागदावर वीस टक्के भरतात आणि मध्ये दहा किलोमीटर तापलेले कुरण उरते. तेच वीस टक्के ओढ्याच्या काठाने एकमेकांना जोडून ठेवले, तर जेवणाचा माळ आणि झोपेची राई जवळजवळ येतात. मालकाला जमीन एक गुंठाही जास्त सोडावी लागत नाही. काही ठिकाणी कुरणातच झाडे राखली जातात, त्याने गुरांनाही सावली मिळते. नेल्लोरची असली तरी दुपारी त्यांनाही ऊन लागतेच. रस्त्याच्या बाबतीत संशोधक म्हणतात की नवे पूल बांधण्याआधी आहेत त्या मोऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंपण घाला, म्हणजे प्राणी आपोआप तिकडे वळेल. धडकांमुळे वाहनांचे आणि माणसांचे जे नुकसान होते ते जमेस धरले तर हा खर्च काही वर्षांत भरून निघतो, असा त्यांचा हिशेब आहे. ज्याने रात्री दोनशे किलोच्या टापीरला धडक दिली आहे त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. अर्जेंटिनाच्या कोरियेंतेस प्रांतातून हा प्राणी पार नाहीसा झाला होता. तिथल्या इबेरा पाणथळीत २००७ पासून अनाथ झालेली, जप्त केलेली पिले वाढवून सोडण्यात आली. ती टिकली, त्यांना पिले झाली, पिलांना पिले झाली. शेजारच्या ब्राझीलमधल्या रियो ग्रांदे दो सूल प्रांतात शंभराहून अधिक वर्षांत हा प्राणी कोणी पाहिला नव्हता. २०२३ साली सरहद्दीजवळच्या एस्पिनिल्यो उद्यानातल्या एका स्वयंचलित कॅमेऱ्यासमोरून एक महाकाय मुंगीखाऊ चालत गेला. मध्ये उरुग्वाय नदी आहे. त्याला पोहता येते. तो पोहून आला असावा असेच तिथले जाणकार म्हणतात.